विश्लेषण : ‘झॉम्बी’ गाण्यातला झॉम्बी नेमका कोण? दोन मुलांचा बळी, १९१६ हे साल आणि न संपलेला वाद

ऑक्टोबर संपत आला की रील्सवर कोरलेले भोपळे, पांढरे मुखवटे आणि रक्ताळलेला मेकअप दिसू लागतो. मागे हमखास एक गाणे वाजते. खरखरीत गिटार, मध्येच तुटणारा एका स्त्रीचा आवाज आणि पुन्हा पुन्हा येणारा एकच शब्द : ‘झॉम्बी’. द क्रॅनबेरीज या आयरिश बँडचे हे १९९४ मधले गाणे. ‘झोंबिवली’ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला या शब्दाची ओळख करून द्यायला नको. त्यामुळे हे गाणेही कुठल्याशा भयपटातले असावे असा समज होणे साहजिक आहे.

प्रत्यक्षात या गाण्यात एकही भूत नाही. त्यात एक लहान मूल आहे, एक आई आहे आणि १९१६ हे एक साल आहे. या तिघांना एका गाण्यात आणल्यामुळे आयर्लंडमध्ये गेली तीस वर्षे वाद सुरू आहे. २०२३ च्या रग्बी विश्वचषकात स्टेडियमभर हे गाणे गायले गेले, तेव्हा तो पुन्हा पेटला. एवढे काय आहे या गाण्यात?

२० मार्च १९९३ रोजी काय घडले?

इंग्लंडच्या वायव्य भागात लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या मधोमध वॉरिंग्टन हे शहर आहे. त्या दिवशी शनिवार होता आणि दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधला मदर्स डे. त्यामुळे ब्रिज स्ट्रीट या बाजाररस्त्यावर गर्दी होती. आयरिश रिपब्लिकन आर्मीने, म्हणजे आयआरएने, रस्त्यावरच्या दोन लोखंडी कचरापेट्यांमध्ये बॉम्ब ठेवले होते. दोन्ही स्फोट जेमतेम एका मिनिटाच्या अंतराने झाले. पहिल्या स्फोटापासून पळणारी माणसे दुसऱ्याच्या तोंडी सापडली. पेटीचे बिडाचे तुकडेच गोळ्यांसारखे उडाले.

तीन वर्षांचा जॉनथन बॉल जागीच गेला. तो त्याला सांभाळणाऱ्या मुलीबरोबर बाजारात आला होता, आईसाठी कार्ड घ्यायला. बारा वर्षांचा टिम पॅरी एव्हर्टन या आपल्या आवडत्या फुटबॉल क्लबची शॉर्ट घ्यायला आला होता. पाच दिवस मृत्यूशी झुंजून २५ मार्चला तोही गेला. ५० हून अधिक लोक जखमी झाले. स्फोटापूर्वी फोनवरून एक इशारा देण्यात आला होता, पण त्यात उल्लेख होता तो लिव्हरपूलमधल्या दुकानाचा. पोलीस तिकडे शोधत राहिले. आयआरएने जबाबदारी स्वीकारली, मात्र दोष पोलिसांवर ढकलला. या स्फोटासाठी आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही.

आयर्लंडमध्ये या घटनेने लोक हादरले. डब्लिनच्या रस्त्यावर हजारो लोक शांततेसाठी जमले. त्या वेळी क्रॅनबेरीज हा बँड ब्रिटनमध्ये कार्यक्रम करत फिरत होता. त्याची गायिका डोलोरेस ओरिऑर्डन तेव्हा २१ वर्षांची होती.

नाजूक प्रेमगीतांचा बँड इथे कसा पोहोचला?

क्रॅनबेरीज हा लिमरिक शहरातला बँड. नोएल आणि माइक हे होगन बंधू, ड्रमवर फर्गल लॉलर आणि जवळच्या खेड्यातून आलेली डोलोरेस. तोपर्यंत त्यांची ओळख ‘लिंगर’ आणि ‘ड्रीम्स’ या हळव्या, तरल गाण्यांची होती. कोणी या मुलांकडून राजकीय गाण्याची अपेक्षा केली नसती.

डोलोरेसने लिमरिकमधल्या आपल्या घरी, साध्या अकूस्टिक गिटारवर या गाण्याचा पहिला खर्डा केला. तालमीत मात्र तिने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली आणि ड्रम जोरात हवेत असे सांगितले. राग व्यक्त करायचा होता, तो हळू आवाजात होण्यासारखा नव्हता. सप्टेंबर १९९४ मध्ये गाणे सिंगल म्हणून बाजारात आले आणि पुढच्याच महिन्यात ‘नो नीड टू आर्ग्यू’ हा अल्बम. गंमत अशी की, त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच, ३१ ऑगस्टला, आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली होती. म्हणजे युद्धाविरुद्धचे गाणे बाजारात आले ते युद्ध थांबल्याची बातमी ताजी असताना. ही शस्त्रसंधी टिकली नाही, १९९६ मध्ये मोडली. तोवर ‘झॉम्बी’ जर्मनी, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर जाऊन आले होते आणि १९९५ मध्ये एमटीव्हीच्या युरोपीय पुरस्कारांत सर्वोत्तम गाणे ठरले होते.

मग झॉम्बी कोण?

इथे शब्दाचा इतिहास उपयोगी पडतो. आज झॉम्बी म्हटले की माणसे खाणारी प्रेते डोळ्यांसमोर येतात. ती प्रतिमा मुख्यतः जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाच्या १९६८ मधल्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटापासून रुजली. मूळ झॉम्बी कॅरिबियन बेटांवरच्या हैती या देशातला. तिथल्या लोकसमजुतीनुसार मांत्रिक मेलेल्या माणसाला उठवतो आणि राबवून घेतो. हा झॉम्बी कोणाला खात नाही, तो स्वतःहून काहीच करत नाही. त्याला इच्छा नाही, आठवण नाही, फक्त हुकूम आहे. उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या लोकांची ही सगळ्यात मोठी भीती होती : मेल्यावरही सुटका नाही.

गाण्यातला झॉम्बी या दुसऱ्या जातीचा आहे. तो क्रूर आहे म्हणून भीतिदायक नाही. जुना हुकूम तो अजून पाळतो आहे आणि हुकूम देणारा केव्हाच मेला आहे, हे त्याच्या लक्षात आलेले नाही.

गाण्याचे ध्रुवपद म्हणजे एक प्रश्न आहे. समोरच्याच्या डोक्यात काय चालले आहे, असे गायिका विचारते आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा विचारते. यात सर्वनामांचा एक बारीक खेळ आहे, जो चालीच्या जोरात निसटून जातो. लढणारे ‘ते’ आहेत, पण लढाई चालली आहे ‘तुझ्या’ डोक्यात. रणगाडे, बॉम्ब, बंदुका हे सगळे आधी डोक्यात चालू असते. रस्त्यावर ते नंतर येते.

मराठीत हे गाणे सांगायचे तर पहिल्याच पायरीवर अडायला होते. इंग्रजीतल्या ‘यू’ला तू म्हणायचे की तुम्ही? ‘तू’ म्हटले तर तो पेटीत बॉम्ब ठेवणारा एक माणूस. ‘तुम्ही’ म्हटले तर अख्खा समाज, घरात बसून बातमी ऐकणारे आणि हळूच ‘पण त्यांनीही केलेच होते ना’ म्हणणारेसुद्धा. इंग्रजीला निवड करावी लागत नाही. गाण्याची ताकद त्या न केलेल्या निवडीत आहे, असे म्हणायला जागा आहे. कारण ऐकणारा प्रत्येक जण समजतो की बोट दुसऱ्याकडे आहे.

१९१६ हे साल इतके का झोंबले?

दुसऱ्या कडव्यात डोलोरेस म्हणते की, ही कहाणी १९१६ पासून तीच आहे. बाहेरच्या श्रोत्याला हा नुसता सनावळीतला आकडा वाटतो. आयरिश माणसासाठी तो तसा नाही.

२४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव झाला. बंडखोरांनी टपाल कार्यालयाची मुख्य इमारत ताब्यात घेतली आणि आयर्लंड हे प्रजासत्ताक असल्याचा जाहीरनामा वाचला. सहा दिवसांत ब्रिटिशांनी उठाव मोडून काढला. सुरुवातीला डब्लिनच्या अनेक रहिवाशांना बंडखोरांचा रागच आला होता. शहर उद्ध्वस्त झाले होते. पण ब्रिटिशांनी एकेक करून १६ जणांना देहदंड दिला आणि हवा पालटली. बंडखोर हुतात्मे झाले. आजच्या आयर्लंड देशाची जन्मकथा तिथून सुरू होते.

आपल्याकडच्या वाचकाला हा काळ तसा परका नाही. त्याच एप्रिल महिन्यात लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली आणि ‘होमरूल’ हा शब्दच आयर्लंडच्या चळवळीतून आला होता. म्हणूनच, आपल्याकडे एखाद्या गायिकेने ‘१९४२ पासून तेच चालले आहे’ असे म्हणून चळवळीची तार एखाद्या बाजारातल्या बॉम्बशी जोडली असती तर काय झाले असते, याचा अंदाज करता येतो.

डोलोरेसने नेमके हेच केले. आयआरए स्वतःला १९१६ चा वारस मानत होती. पेटीत बॉम्ब ठेवणाऱ्याला आपण त्या हुतात्म्यांचे अपुरे काम पुरे करतो आहोत, असे वाटत होते. गाणे म्हणते, हाच तो जुना हुकूम.

हा उल्लेख इतिहासावर अन्याय करणारा आहे का? काही अंशी आहे. १९१६ चा उठाव आणि १९९३ चा स्फोट यांची नैतिक बेरीज एका ओळीत करता येत नाही. १९१६ ला मागे परकी राजवट होती आणि समोर शस्त्रधारी सैन्य होते. पण एक गोष्ट त्या हुतात्मा-कथेत बराच काळ झाकली गेली होती. ईस्टरच्या त्या आठवड्यात सुमारे ४८५ माणसे मेली. त्यातली निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होती आणि १७ वर्षांखालची मुले होती ४०. आयरिश पत्रकार जो डफी यांनी त्या मुलांची नावे शोधून पुस्तक लिहिले, ते २०१५ मध्ये. म्हणजे गाणे आले तेव्हा कडव्यातले मूल आणि १९१६ हे साल यांचा हा जुना संबंध आयर्लंडमध्येही फारसा कोणाला ठाऊक नव्हता. डोलोरेसलाही तो अभिप्रेत असेल असे नाही. पण आज ते कडवे ऐकताना तो टाळता येत नाही.

‘आमचा याच्याशी संबंध नाही’ असे कोण म्हणू शकते?

गाण्यातली सगळ्यात वादग्रस्त जागा १९१६ नव्हे, तर पहिल्या कडव्याचा शेवट आहे. तिथे गायिका स्वतःला आणि आपल्या कुटुंबाला या हिंसेपासून वेगळे काढते. मुलाखतींमध्येही ती हेच सांगत असे : हे आयर्लंडच्या नावाने केले म्हणतात, पण त्यात माझे नाव धरू नका.

लिमरिकमध्ये राहून हे म्हणणे शक्य होते. १९२१ च्या फाळणीनंतर आयर्लंडचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले, तो उत्तर आयर्लंड. तिथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पेटलेल्या संघर्षात ३,५०० हून अधिक माणसे मेली. बेलफास्ट किंवा डेरीमधल्या कॅथलिक वस्तीत राहणाऱ्याला ‘माझ्या घराचा संबंध नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. सैनिक त्याच्याच दारातून झडती घ्यायला येत होते. १९७२ च्या जानेवारीत डेरीमध्ये ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या आणि १३ जण त्याच दिवशी मेले. ब्रिटिश सरकारने त्याची माफी मागितली २०१० मध्ये.

टीकाकारांचा आक्षेप इथे आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. टिम पॅरी गेला त्याच दिवशी, २५ मार्च १९९३ ला, उत्तर आयर्लंडमधल्या कॅसलरॉक गावात ब्रिटननिष्ठ बंदूकधाऱ्यांनी कामावर आलेल्या चार कॅथलिक मजुरांना ठार केले. बेलफास्टमध्ये त्याच संघटनेने १७ वर्षांच्या एका मुलाला गोळी घातली. त्यांच्यासाठी डब्लिनमध्ये गर्दी जमली नाही आणि त्यांच्यावर जगभर गाजलेले गाणे नाही. कोणाच्या मुलाचा शोक गाण्यात जातो आणि कोणाच्या मुलाचा बातमीच्या शेवटच्या ओळीत, असा प्रश्न उत्तरेतल्या लोकांनी विचारला तर तो रास्तच आहे.

पण म्हणून गाणे एकतर्फी ठरते का? शब्द नीट ऐकले तर तसे वाटत नाही. शस्त्रांच्या यादीत बॉम्ब आहेत, बंदुका आहेत, पण रणगाडेही आहेत. आयआरएकडे रणगाडे नव्हते. चिलखती गाड्या घेऊन बेलफास्टच्या गल्ल्यांतून फिरत होते ते ब्रिटिश सैन्य. गाण्याच्या व्हिडीओत तर हे उघड दिसते. दिग्दर्शक सॅम्युअल बायर यांनी बेलफास्टला जाऊन खरे सैनिक, खरी भित्तिचित्रे आणि रस्त्यावर लढाई-लढाई खेळणारी खरी मुले चित्रित केली. त्याला जोड दिली ती स्टुडिओत, सोनेरी रंगात माखलेल्या डोलोरेसची आणि क्रूसाभोवतीच्या चंदेरी मुलांची. सोनेरी भाग थोडा भडक आहे आणि आज जुनाट वाटतो. बंदूक हातात धरून भिंतीला टेकलेला तरुण सैनिक मात्र तसा वाटत नाही. या व्हिडीओने एप्रिल २०२० मध्ये यूट्यूबवर १०० कोटी व्ह्यूजचा टप्पा ओलांडला.

चालीतही तोच अर्थ आहे का?

संगीताची बाजू थोडक्यात सांगता येते, कारण ती फार साधी आहे. ई मायनर, सी, जी, डी. या चार कॉर्ड सुरुवातीला येतात आणि पाच मिनिटे त्याच फिरत राहतात. कडवे बदलले, आवाज वाढला, ड्रम कोसळले तरी खालचे चक्र तेच. नवशिक्या गिटारवाल्यांचे हे आवडते गाणे आहे, ते म्हणूनच. प्रोग्रॅमिंग शिकलेल्यांना बाहेर पडायची अट लिहायला विसरलेले लूप आठवेल. ‘तेच पुन्हा’ असे सांगणाऱ्या गाण्याला याहून चपखल रचना सापडणे कठीण. बाहेर पडायचा प्रयत्न करतो तो फक्त आवाज. ‘झॉम्बी’ हा शब्द डोलोरेस प्रत्येक वेळी मोडते, ताणते, मध्येच चिरते. आयर्लंडमध्ये मृताच्या घरी बायकांनी गळा काढून रडण्याची जुनी प्रथा होती. अनेकांना या आवाजात तिची आठवण होते.

एक साल बदलले की काय होते?

२०१८ मध्ये बॅड वुल्व्ज या अमेरिकी हेवी मेटल बँडने हे गाणे पुन्हा केले. त्यांनी दोन छोटे बदल केले. १९१६ च्या जागी २०१८ आणि शस्त्रांच्या यादीत ड्रोन. गाणे ताजे झाले, पण ते कोणालाच झोंबेनासे झाले. जगात कुठेतरी कायम युद्ध चालू असते, असे म्हटल्यावर कोणाच्या घरातला फोटो भिंतीवरून उतरत नाही. मूळ गाण्यातले ते एक साल काढले की उरतो चांगल्या चालीचा निषेध.

त्या रेकॉर्डिंगसाठी डोलोरेस स्वतः गाणार होती. १५ जानेवारी २०१८ रोजी, ज्या दिवशी ती स्टुडिओत येणार होती, त्याच दिवशी लंडनच्या हॉटेलमध्ये ती मृतावस्थेत सापडली. मद्याच्या अमलाखाली बाथटबमध्ये बुडून अपघाती मृत्यू, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. ती ४६ वर्षांची होती. बॅड वुल्व्जने त्या गाण्याच्या कमाईतून अडीच लाख डॉलर तिच्या मुलांना दिले.

रग्बीच्या मैदानात हे गाणे कसे पोहोचले?

२३ सप्टेंबर २०२३. पॅरिसजवळच्या स्टेडियममध्ये आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेला १३-८ ने हरवले आणि हजारो आयरिश चाहत्यांनी एका सुरात ‘झॉम्बी’ गायले. लिमरिक हा रग्बीवेड्या लोकांचा भाग, तिथल्या मुलीचे गाणे, त्यामुळे ते संघाचे गाणे होणे नैसर्गिक होते. पण आयर्लंडचा रग्बी संघ हा उत्तर आणि दक्षिण मिळून एकच असतो. त्यात दोन्ही बाजूंचे, दोन्ही पंथांचे खेळाडू असतात. म्हणून कोणी म्हणाले, हेच गाणे योग्य, कारण ते कोणाच्याच झेंड्याचे नाही. उत्तरेतले काही जण म्हणाले, आमच्या दुःखावर दक्षिणेने लिहिलेले आणि आम्हाला बिनडोक म्हणणारे गाणे तुम्ही बिअरचे ग्लास उंचावून गाता.

दोन्ही बाजूंनी आपल्याला हवे ते कडवे ऐकले होते. आणि स्टेडियममधल्या बहुतेकांनी कडवे ऐकलेच नव्हते. ८० हजारांच्या गर्दीत ऐकू जाते ते ध्रुवपद. एका सुरात, विचार न करता ओरडायला ते फार सोपे आहे, हा त्यातला विचित्र भाग.

या साऱ्या वादात वॉरिंग्टन मागेच राहते. टिमचे वडील कॉलिन पॅरी आणि आई वेंडी यांनी मुलाच्या मृत्यूनंतर शांततेसाठी काम करणारी संस्था उभी केली. २००० साली वॉरिंग्टनमध्ये तिचे केंद्र सुरू झाले. हिंसेत होरपळलेले दोन्हीकडचे लोक तिथे समोरासमोर बसू लागले. अर्ध्या जगाने तोंडपाठ केलेले गाणे आपल्या मुलाच्या स्फोटावर लिहिले आहे, हे कॉलिन पॅरी यांना मात्र वीसहून अधिक वर्षे माहीत नव्हते. डोलोरेस गेल्याची बातमी आली, तेव्हा ते त्यांना पहिल्यांदा कळले. पत्नीने घरी येऊन सांगितले, मग त्यांनी लॅपटॉपवर गाणे लावले आणि शब्द नीट ऐकले. हे त्यांनीच नंतर पत्रकारांना सांगितले.